नंबर सांगा, ताई

तिचं नाव इथे लिहिणार नाही.
माहीत आहे मला, पूर्ण नाव,
मधलं नाव, जन्मतारीख, वरणगावचा पत्ता
पिनकोडसकट.
म्हणूनच.

मे महिना, भुसावळ म्हणजे तापला तवा.
दुकानात एसी, म्हणून बायका उगाच
डाळींच्या रांगेत रेंगाळत होत्या.
ती सरळ बॅगांकडे गेली.
निळी, चाकांची, मधल्या मापाची.
चेन उघडून हात आत घातला कोपरापर्यंत,
बाजारात टोपलीच्या तळाशी
भरताचं वांगं चाचपावं तसा.

काउंटरवर मी म्हटलं, जे दिवसातून दोनशेदा म्हणते:
कार्ड स्कॅन करा ताई, दीडशे रुपये सूट.
राहू द्या, म्हणाली ती.
वारके सर मागून बोलले,
कार्डाशिवाय बिल निघत नाही आता, वरून आलंय.
वरून म्हणजे कुठून, ते आम्हाला कोणालाच ठाऊक नाही.

(आदल्याच दिवशी एक म्हातारी
सामान घ्याले बी नाव सांगा लागते का वं माय, म्हणत
तेलाचा डबा माझ्यासमोर ठेवून
चालती झाली होती.
आम्ही हसलो होतो.)

घामानं मऊ झालेलं कार्ड.
लाल रेघ फिरली. यंत्र वाजलं.
नोंदलेल्या नंबराचे शेवटचे चार आकडे
मी मोठ्यानं वाचले, तसा नियम आहे.
हाच ना?
हा घरचा आहे, म्हणाली.
मी म्हटलं, चालतो.

चौथ्या दिवशी एक माणूस आला, तीच बॅग घेऊन.
पुठ्ठ्याचं लेबल अजून दांडीला.
आवाज अगदी शांत. फोन पुढे केला:
नव्या बॅगेबद्दल अभिनंदन!
आपला प्रवास सुखाचा होवो.
खाली दोन फुलं आणि आमच्या दुकानाचं नाव.
आमच्याकडे कोणी कुठे जात नाही, म्हणाला.
पैसे परत द्या.

परत घेताना सगळे कप्पे बघावे लागतात.
पुढचा रिकामा, मधला रिकामा.
अस्तराखाली बोटभर चोरकप्पा,
त्यात चारदा घडी केलेली पन्नासची नोट
आणि एक चिठ्ठी: फलाट पाच, पहाटे तीन पन्नास.
अक्षर वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीचं.
काय आहे? त्यानं विचारलं.
कंपनीचा कागद, म्हटलं, आणि मुठीत धरला.
मग त्याचं कार्ड मागितलं.
परताव्यालाही स्कॅन लागतो.

माझं घर रेल्वे लाइनीच्या कडेला.
रात्रभर घोषणा ऐकू येतात,
कुठली गाडी, कुठून कुठे, किती तास उशिरा.
गाड्यांची नावं सगळ्या गावाला सांगतात.
बसणाऱ्यांची नाही.
हे लहानपणापासून ऐकत आले,
कानावर पडलं नव्हतं.

आता माझं स्वतःचं कार्ड
काउंटरखाली चिकटपट्टीनं लावून ठेवलंय.
एखादी बाई नंबर सांगताना अडखळली
की तेच सरकवते लाल रेघेखाली.
वारके सरांना वाटतं, मशीन हळू झालंय.

फोन दिवसभर वाजतो.
मी म्हणे म्हाताऱ्या माणसांचे डायपर घेते,
केस काळे करते,
दर महिन्याला गर्भ राहिला का बघते,
एका आठवड्यात हिरवा चुडा, बाराखडीची पाटी,
गुडघ्याचा पट्टा, उंदराचं औषध.
आणि बॅगा. उन्हाळ्यापासून सात.
आपण खूप फिरता! लिहितात ते.
आपल्यासाठी खास पावसाळी सहली.

मी जळगावच्या पुढे गेलेली नाही.

चिठ्ठी आणि नोट पर्सच्या आतल्या खणात आहे.
तीन पन्नासला कधी कधी जाग येते,
पाचवर गाडी लागते, थांबते,
किती वेळ थांबते ते मी मोजत नाही.